बुद्धीची मालमत्ता आणि सवाईचा न्याय

एखाद्याच्या गोठ्यांतला बैल रात्रीं कोणीं सोडून नेला तर सकाळीं गोठा रिकामा दिसतो. चोरी झाली हें सांगावयास तेथें पंडित लागत नाहीं. परंतु एखाद्यानें शोधून काढलेली युक्ति दुसऱ्यानें पाहून उचलली, तर पहिल्याजवळ ती युक्ति होती तशीच राहते. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला म्हणून पहिल्याचा उजेड उणा होत नाहीं. मग ज्याचें कांहींच गेलें नाहीं त्यानें फिर्याद कोणत्या तोंडानें करावी? आणि फिर्याद करूं नये असें म्हणावें, तर ज्यानें रात्रीचा दिवस करून ती युक्ति शोधली त्याच्या कष्टांचें मोल कोणीं द्यावयाचें? बौद्धिक मालमत्तेच्या हक्काचा सारा नैतिक वाद या दोन प्रश्नांत सांठविलेला आहे.

हा वाद बहुधा पुस्तकें, गाणीं, यंत्रें आणि औषधें यांच्या संबंधानें चालतो. वऱ्हाडांत मात्र तो शेताच्या धुऱ्यावर उभा आहे. कारण अमरावती आणि अकोला हे जिल्हे कापसाचे, आणि कापूस म्हटला कीं बियाणें आलें. बियाणें ही मोठी विलक्षण वस्तु आहे. पुस्तक जमिनींत पुरलें तर दुसरें पुस्तक उगवत नाहीं. बियाणें पेरलें कीं त्याची नक्कल निसर्गच करून देतो, आणि तीहि एकाची शंभरपट. त्यांत कोणाची तरी बुद्धि असते, कोणाचे तरी कष्ट असतात, आणि तरीहि तें कोणाच्याहि वावरांत सारखेंच रुजतें. म्हणून बुद्धीच्या मालकीची खरी पारख करावयाची असेल तर ती बियाण्यापाशींच केली पाहिजे.

या मालकीच्या समर्थनार्थ विद्वानांनीं मुख्यतः दोन कारणें दिलीं आहेत. पहिलें श्रमाचें. सतराव्या शतकांतील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें असें प्रतिपादिलें कीं, मनुष्य आपले श्रम ज्या वस्तूंत मिसळतो ती वस्तु त्याची होते. मात्र इतरांसाठीं तशीच व पुरेशी वस्तु मागें उरली पाहिजे, अशी अटहि त्यानें घातली. दुसरें कारण लोकहिताचें. संशोधकानें आपलें गुपित उघड करावें आणि त्या मोबदल्यांत समाजानें त्याला कांहीं काळ एकाधिकार द्यावा, असा हा सौदा आहे. भारतांत पेटंटची मुदत २० वर्षांची आहे. मुदत सरली कीं शोध सर्वांचा होतो. म्हणजे कायद्यालासुद्धां ही मालकी घरादारासारखी पिढीजात वाटत नाहीं.

दोन्ही कारणांत तथ्य आहे. पण बियाण्याशीं गांठ पडली कीं दोहोंचीहि ओढाताण होते. श्रमावर हक्क ठरवावयाचा, तर कोणाच्या श्रमावर? आज वऱ्हाडांत पेरल्या जाणाऱ्या बीटी कापसाच्या एका सरकींत किती हात गुंतलेले आहेत पाहा. ती ज्या अमेरिकन कापसाच्या जातीची, त्या जातीची मशागत प्रथम मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील लोकांनीं केली. कापसाचा संकर व्यापारी प्रमाणावर करून दाखविला तो सुरतच्या संशोधन केंद्रांत सी. टी. पटेल यांनीं. त्यांचा 'एच-४' हा वाण १९७० सालीं बाहेर पडला आणि तो जगांतील अशा प्रकारचा पहिला ठरला. अळीला मारणारें जनुक ज्या मातींतल्या जंतूचें, तो जंतु १९०१ सालीं जपानांत रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध करतांना सांपडला, आणि त्याला आजचें नांव मिळालें तें जर्मनींतील थुरिंगिया प्रांतावरून. तें जनुक कापसांत घालण्याची करामत अमेरिकेंतील मोन्सॅन्टो कंपनीची, आणि तें भारतीय संकरांत उतरविण्याचें काम जालन्याच्या महिको कंपनीचें. या सांखळींतील शेवटच्या दुव्यानें 'सरकी माझी' असें म्हटलें, तर आधींच्या दुव्यांनीं काय म्हणावें?

नांवाची गोष्टहि अशीच आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथून विलायतेस जाणारा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. मुंबई व लिव्हरपूल येथील बाजारांत वऱ्हाड आणि भोंवतालच्या मुलखांतील कापूस 'ऊमरा' या नांवानें ओळखला जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजेच अमरावती. ज्या नांवानें सौदे होत, त्या नांवावर अमरावतीच्या कास्तकाराचा कांहीं हक्क आहे, असें तेव्हांच्या कोणत्याहि कायद्यांत लिहिलेलें नव्हतें. विणकराचा शिक्का चालला, व्यापाऱ्याचा छाप चालला. पिकविणारा मात्र निनांवी राहिला.

हें निनांवीपण पारतंत्र्याबरोबर संपलें असें मानण्याचें कारण नाहीं. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें लहानसें खेडें आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे हे तेथील दीड एकराचे कास्तकार. १९८३ सालीं 'पटेल ३' या वाणाच्या आपल्या धानांत त्यांना कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या राखल्या, पुढच्या हंगामांत वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्षें निवड चालविली. तांदूळ बारीक निघाला, शिजल्यावर गोड लागला, उताराहि चांगला पडला. शेजाऱ्यांनीं बियाणें नेलें, व्यापाऱ्यांनीं नेलें. आणि त्या दिवसांत एचएमटी घड्याळांची मोठी चलती असल्यामुळें व्यापारांत त्या धानाला 'एचएमटी' हेंच नांव पडलें. १९९४ सालीं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें प्रयोगासाठीं दादाजींकडून हें बियाणें नेलें, आणि १९९८ सालीं विद्यापीठाकडून 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित झाला. नांव घड्याळाचें, आद्याक्षरें विद्यापीठाचीं. ज्याच्या डोळ्यांनीं ती लोंबी हेरली त्याचा त्या नांवांत मागमूसहि नाहीं.

येथें न्याय दोन्ही बाजूंनीं केला पाहिजे. शेतकऱ्याच्या घरचें बियाणें शुद्ध करणें, त्याच्या चांचण्या घेणें आणि तें सरकारी मार्गानें दूरवर पोंचविणें हें विद्यापीठाचें काम, आणि तें कमी मोलाचें नव्हे. शिवाय दादाजींची कणगी कोणीं रिकामी केली नव्हती. दिव्यावर दिवा लावावा तसेंच हें झालें. स्वतः दादाजींनीं ज्या 'पटेल ३' मधून आपला वाण निवडला तोहि जबलपूरच्या कृषि विद्यापीठांतील डॉ. जे. पी. पटेल यांच्या कष्टांचें फळ होता. म्हणजे दादाजीहि कोणाचे तरी ऋणको होतेच. मग त्यांच्यावर अन्याय झाला असें लोकांना कां वाटलें? तो वाण लोकांनीं पेरला म्हणून नव्हे. तो पेरला जावा यांतच दादाजींचा आनंद होता. ज्यांच्यापाशीं लेखणी, शिक्का आणि प्रयोगशाळा होती त्यांनीं घेतल्याची पोंच दिली नाहीं, हा तो अन्याय. पुढें २००५ सालीं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननें त्यांचा गौरव केला आणि २०१० सालीं 'फोर्ब्स' मासिकाच्या यादींत त्यांचें नांव झळकलें. परंतु ३ जून २०१८ रोजीं ते निवर्तले तेव्हां घरची ओढाताण संपलेली नव्हती. मान उशिरां आला आणि रिकाम्या हातांनीं आला.

येथवर देणारा दुबळा आणि घेणारा सबळ होता. बीटी कापसाच्या प्रकरणांत याच्या उलट झालें. २६ मार्च २००२ रोजीं केंद्र सरकारच्या समितीनें महिकोच्या तीन बीटी संकरांना परवानगी दिली. आरंभींच्या कांहीं वर्षांत ४५० ग्रॅमचें पाकीट सोळाशें रुपयांच्या आसपास पडे आणि त्यांत सुमारें साडेबाराशें रुपये हें निव्वळ स्वामित्वधन, म्हणजे व्यवहारांतली रॉयल्टी असे. बोंडअळीनें गांजलेल्या कास्तकारानें तेंहि दिलें, कारण फवारणीचा खर्च वांचत होता. पण यांतील एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. या पहिल्या जनुकावर भारतांत पेटंटच नव्हतें. रॉयल्टी वसूल होई ती बियाणें कंपन्यांशीं केलेल्या करारांच्या बळावर. २००६ सालीं आंध्र प्रदेश सरकारनें मक्तेदारीविषयक आयोगाकडे तक्रार केली आणि पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली.

त्याच वर्षीं दोन जनुकांचें दुसरें बियाणें आलें. त्याचें पेटंट होतें आणि त्यावरून मोठा दावा जुंपला. बियाण्यास व वनस्पतीच्या वाणास पेटंट देऊं नये असें भारताचा कायदा सांगतो. मग बियाण्याच्या आंतल्या जनुकाचें काय? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें ११ एप्रिल २०१८ रोजीं तें पेटंट रद्द केलें. सर्वोच्च न्यायालयानें ८ जानेवारी २०१९ रोजीं तो निकाल बाजूस सारून सुनावणी पुन्हां खालीं पाठविली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पेटंटची मुदत संपली. आणि २०२१ सालीं पक्षकारांनीं आपसांत तडजोड केली. प्रश्न सुटण्यापूर्वींच त्याचें वय सरलें. कायद्याचें उत्तर असें अधांतरीं राहिलें, म्हणून नीतीचें उत्तर शोधण्याची जबाबदारी लोकांवर येऊन पडते.

दरम्यान शेतांत निराळेंच घडत होतें. २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील कपाशीवर गुलाबी बोंडअळी पसरली. ज्या अळीपासून राखण करण्यासाठीं कास्तकारानें मोल मोजलें होतें तीच अळी बोंडांत सांपडूं लागली. केंद्र सरकारनें ठरविलेली रॉयल्टी २०१६ सालीं पाकिटामागें ४९ रुपये होती. ती २०१८ मध्यें ३९, २०१९ मध्यें २० आणि २०२० मध्यें शून्य झाली. या उतरत्या आंकड्यांत एक साधी नीति दडलेली आहे: राखणदारानें राखण केली नाहीं तर राखणीचें धान्य मागूं नये.

आणि मग १० जून २०१९ हा दिवस उजाडला. मृगाची पेरणी तोंडावर आलेली. अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यांत अकोली जहांगीर या गांवीं शेतकरी संघटनेच्या पुढाकारानें शेंकडों कास्तकार जमले आणि सरकारी मान्यता नसलेल्या, तणनाशकास दाद न देणाऱ्या कापसाचें बियाणें त्यांनीं उघडपणें पेरलें. निंदणीला मजूर मिळत नाहींत, मिळाले तर मजुरी परवडत नाहीं, आणि परदेशांतला कास्तकार जें वापरतो तें येथें कां नको, हें त्यांचें म्हणणें. दिवंगत शरद जोशी यांनीं तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याचा जो आग्रह धरला होता त्याचाच हा पुढचा टप्पा असें ते मानीत. सरकारचें म्हणणें असें कीं, पर्यावरण संरक्षणाच्या कायद्याखालीं चांचणी व परवानगी झाल्यावांचून असें बियाणें पेरणें गुन्हा आहे. कांहीं कास्तकारांवर फिर्यादीहि झाल्या.

त्या दिवशीं मोडला गेला तो सुरक्षिततेचा कायदा. बौद्धिक मालकीचा नव्हे. तरीहि दोहोंची मुळें एकमेकांत गुंतलेलीं होतीं. या गुणाच्या बियाण्यासाठीं केलेला अर्ज कंपनीनें २०१६ सालीं मागें घेतला होता, आणि तेव्हां रॉयल्टीचा व तंत्र इतरांस देण्याचा वाद ऐन भरांत होता. अधिकृत दार बंद झालें. मागणी मात्र राहिली. ती पुरविली चोरबाजारानें. या बाजारांत ज्यानें शोध लावला त्याला कांहीं मिळत नाहीं, आणि जो पेरतो त्याच्या हातीं पावतीहि पडत नाहीं. बियाणें उगवलें नाहीं तर तक्रार करावी कोणाकडे? मधल्यामधें तिसराच गबर होतो. म्हणून उघड सभेंत, शिक्षेची तयारी ठेवून बियाणें पेरणारा कास्तकार आणि तेंच बियाणें अंधारांत विकणारा व्यापारी यांना एका मापानें मोजणें बरोबर नव्हे. पहिला एका नियमाचा न्याय जाहीरपणें विचारतो. दुसऱ्याला नियम नकोच असतो.

मग न्यायाचें माप कोणतें? तें विलायतेहून आणण्याची गरज नाहीं. गांवगाड्यांत तें पूर्वींपासून होतें. ज्याच्या घरीं पेरणीपुरतें बियाणें नसे तो शेजाऱ्याकडून किंवा सावकाराकडून तें उसनें नेई आणि सुगीवर सवाईनें परत करी. चार पायल्या नेल्या तर पांच द्यावयाच्या. कठीण काळीं दिढी घेणारेहि असत; चाराच्या सहा. सवाई लोकांना न्याय्य वाटे, दिढी जाचक वाटे. पण कांहींच परत न करणाऱ्याला मात्र पुन्हां कोणी दारांत उभें करीत नसे. या व्यवहाराची खुबी अशी कीं, देणारा बियाण्याचा मालक असूनहि घेणाऱ्याच्या पिकाचा मालक होत नसे. सवाई चुकती झाली कीं उरलेली रास कास्तकाराची. त्यांतून तो पुढच्या सालीं पेरी आणि एखाद्या गरजूला स्वतः उसनें देई. कालचा ऋणको आजचा धनको होऊं शके.

आपल्या परंपरेंत ज्ञानालाहि ऋणच मानलें आहे. देवऋण आणि पितृऋण यांच्या जोडीनें ऋषिऋण सांगितलें आहे, आणि तें फिटतें तें अध्ययनानें व घेतलेलें ज्ञान पुढें चालविल्यानें. बुद्धीच्या हक्काचा खरा आधार या विचारांत सांपडतो. शोध लावणारा हा त्या शोधाचा निर्माता खरा, पण एकटा निर्माता नव्हे. त्यानें पूर्वजांच्या राशींतून उचललेलें असतें. म्हणून त्याचा हक्क जमीनदाराचा नाहीं. तो बियाणें उसनें देणाऱ्याचा आहे. तो सवाई मागूं शकतो, आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. न देणारा कृतघ्न ठरतो. पण तो ऋणकोला कायमचा ऋणको ठेवूं शकत नाहीं.

या न्यायानें पाहिलें तर दोन्ही प्रकरणांचा उलगडा होतो. दादाजींच्या बाबतींत सवाई बुडाली. ती पैशाची नसती तरी नांवाची हवी होती. 'हें बियाणें अमक्या कास्तकाराच्या निवडींतून आलें' एवढी ओळ लिहिण्यास कांहीं खर्च नव्हता. बीटीच्या बाबतींत कित्येक वर्षें दिढीहूनहि जबर वसुली झाली. शिवाय संकरित बियाण्याला एक नैसर्गिक कुलूप असतें. त्याची सरकी राखून पेरली तर पहिल्यासारखें पीक येत नाहीं, आणि कास्तकाराला दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. अन्य अनेक देशांत बीटी जनुक सरळ वाणांतून शेतकऱ्यांस मिळालें. भारतांत तें मुख्यतः संकरांतूनच आलें.

भारताच्या २००१ च्या वनस्पति वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें या न्यायाच्या पुष्कळ जवळ जाण्याचा यत्न केला आहे. नवा वाण पैदा करणाऱ्या शेतकऱ्यालाहि त्याच्या ३९ व्या कलमानें नोंदणीचा हक्क दिला. संरक्षित वाणाचें बियाणेंसुद्धां राखणें, पेरणें, देवघेव करणें व विकणें ही मुभा शेतकऱ्याला ठेवली. त्यानें दुसऱ्याच्या छापाखालीं तें विकूं नये एवढीच अट. आणि वाणाविषयीं केलेला दावा खोटा ठरला तर भरपाई मागण्याचा मार्गहि दाखविला. दादाजींचें बियाणें अकोल्यास गेलें तेव्हां हा कायदा नव्हता. तो आल्यावरहि संकराच्या कुलुपापुढें बियाणें राखण्याचा हक्क बराचसा कागदावर राहतो. देणाऱ्यानें किल्ली स्वतःजवळ ठेवून 'घर तुझेंच' म्हणावें, तसें तें होतें.

पण किल्ली फिरूं शकते, याचेंहि उदाहरण येथेंच आहे. तें पहिलें बीटी जनुक, ज्याच्यासाठीं एके काळीं साडेबाराशें रुपये मोजावे लागले, तें आतां सर्वांना मोकळें आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें अकोल्याच्या विद्यापीठाच्या 'रजत' आणि 'पीकेव्ही ०८१' या सरळ वाणांत तें उतरवून बीटी वाण प्रसारित केले आहेत. त्यांची सरकी कास्तकाराला घरीं राखून पुढच्या सालीं पेरतां येते. गुलाबी अळीवर या एका जनुकाचा भरंवसा उरलेला नाहीं, हें खरें; आणि उत्पन्नांत ते मोठ्या संकरांची बरोबरी सर्व ठिकाणीं करतीलच असेंहि नाहीं. तरी शोध मुदतीनंतर समाजाच्या राशींत परत येतो आणि त्यांतून दुसरा कोणी पुढचें पाऊल टाकतो, हें पेटंटच्या सौद्यांतील वचन येथें पाळलें गेलें. तें लौकर पाळलें जावें कीं उशिरां, हा तपशिलाचा वाद. तें मुळींच पाळलें जाऊं नये असें म्हणणें मात्र दिवाणखान्यांतल्या दिव्यानें सूर्यावर हक्क सांगण्यासारखें आहे.

तेव्हां बुद्धीची मालमत्ता ही कल्पना सरसकट टाकून देण्याजोगी नाहीं, आणि सरसकट पुजण्याजोगीहि नाहीं. ज्यानें शोधलें त्याचें नांव राहावें. त्याला सवाई मिळावी, आणि ती मोजकी असावी. त्यानें दिलेलें बियाणें फसलें तर तोट्यांत त्याचाहि वांटा असावा. आणि सुगी संपल्यावर रास ज्याची त्याच्या घरीं जावी. या चार गोष्टी विद्यापीठाला लागू, परदेशी कंपनीला लागू, आणि निंदणीच्या खर्चानें गांजलेल्या अकोटच्या कास्तकारालाहि लागू. कारण घेणारा सबळ असो कीं दुबळा, घेतल्याची पोंच देणें हें माणुसकीचें पहिलें कलम आहे. ज्या मुलखानें आपलें नांवसुद्धां एके काळीं लिव्हरपूलच्या बाजाराला वापरूं दिलें, त्या वऱ्हाडाला दुसऱ्याच्या कष्टांचें मोल बुडवावयाचें नाहीं. आपल्या कष्टांची सवाई मात्र त्यानें यापुढें मागून घ्यावी, आणि पुढच्या पेरणीचें बियाणें आपल्या कणगींत राखावें.